टेक्क्योन म्हणजे तायक्वांदो नव्हे रे बाळ्या

प्रिय बाळ्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. "या वयात तायक्वांदो? हाडं मोडून घेशील" म्हणून वर खिदळलास पण. अरे लेका, तायक्वांदो नाही ते, टेक्क्योन, कोरियातली जुनी लढायची कला! तायक्वांदो हे नाव 1955 चं, त्यात कराटेचा बराच अंश आहे. टेक्क्योन त्याच्या कितीतरी आधीचं, गल्लीतलं, सणासुदीचं. पूर्वी इथं सोलमध्ये दानोच्या सणाला वरची आळी विरुद्ध खालची आळी अशा लढती लागायच्या, आणि आधी बारकी पोरं उतरायची मग मोठी. म्हणजे आपल्या जत्रेतल्या मैदानासारखंच की, रेवड्यांवरच्या कुस्त्या आधी आणि नावाचे पैलवान शेवटी.

आता क्लासचं सांगतो. पहिले कित्येक दिवस लाथ मारायलाच दिली नाही बघ. नुसतं पुमबाल्प्गी. म्हणजे जमिनीवर त्रिकोण आहे असं समजायचं, एक पाय पुढं टाकायचा, मागं घ्यायचा, मग दुसरा, तीनच्या ठेक्यात, आणि प्रत्येक वेळी गुडघा लवला पाहिजे, कंबर सैल पाहिजे, पोट जरा पुढं. आमचे सर काही बोलत नाहीत, येऊन खांद्यावर हात ठेवतात, खांदा कडक लागला की परत पहिल्यापासून. आणि मधूनच "इक! एक!" असं ओरडायचं, दम आपोआप बाहेर पडतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं नाचतायत. मलाही वाटलेलं, पण त्याच लयीतून समोरच्याचा पाय कधी आपल्या घोट्यामागं येतो आणि आपण कधी पाठीवर पडतो ते कळतच नाही रे.

पाडलं किंवा तोंडावर लाथ लागली की डाव संपला. तोंडावरची लाथ काय मऊ नसते हां, उगाच कुणी अहिंसा वगैरे म्हणालं तर ऐकू नकोस. पण अंगावरची लाथ मात्र ढकलायची, ठोकायची नाही. तळवा छातीला टेकवून मग जोर लावायचा, समोरचा मागं जातो पण बरगडी शाबूत. आणि मला सगळ्यात भारी वाटलेला नियम म्हणजे आमच्याकडं लढताना एक पाय समोरच्याच्या टप्प्यात ठेवावाच लागतो, घे, मार म्हणून. लांब पळून संधी बघत बसणं चालत नाही. पहिल्यांदा जाम भीती वाटते. पण सवय झाली ना, की ऑफिसातल्या मीटिंगमध्ये पण माणूस जरा कमी आखडतो, खरंच सांगतो. बायको म्हणते हल्ली भांडणात तू आधी ऐकून घेतोस. तिला वाटतंय वय झालं.

आणि हे सगळं जवळजवळ संपलंच होतं माहितीय? 1910 मध्ये जपान्यांनी देश घेतला, त्या काळात हे पार दबलं. सोंग दॉक-गी नावाचे आजोबा होते, जन्म 1893 चा, इथंच साजिक-दोंग भागातले. तरुणपणी इम हो नावाच्या उस्तादाकडं शिकलेले आणि म्हातारपणापर्यंत ते अंगात जपलं. तिरंदाजी पण करायचे. इनवांगसान डोंगराच्या पायथ्याला ह्वांगहाकजोंग नावाचा जुना तिरंदाजीचा आखाडा अजून आहे, मी रविवारी चालत जातो तिकडं, लोक निवांत बाण सोडत असतात. या सोंग आजोबांकडून शिन हान-सुंग टेक्क्योन शिकले, त्यांनी सगळं नीट मांडलं, सरकारदरबारी खेटे घातले, तेव्हा कुठं 1983 ला सरकारनं याला राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता दिली. आणि 1987 ला दोघंही गेले, गुरू आणि चेला एकाच वर्षी. चारच वर्षं रे! मान्यता आणखी थोडी लांबली असती तर काय झालं असतं, विचार करूनच कसंतरी होतं. 2011 ला तर युनेस्कोच्या यादीत आलं.

इथं सगळ्यांना याचं कौतुक आहे असं मात्र समजू नकोस. ऑफिसातली कोरियन पोरं मलाच विचारतात, तू हे का शिकतोस, जिमला जा की. आमच्या क्लासला निम्मे लोक पन्नाशीच्या पुढचे, एक आजी आहेत, त्यांच्यासमोर मी अजून उभा राहू शकलेलो नाही.

तू दिवाळीनंतर यायचं म्हणत होतास ते फिक्स कर. थंडी फार पडते, जाड जॅकेट आण, आणि येताना कांदा-लसूण मसाला विसरलास तर दारातूनच परत पाठवीन. तुला एकदा त्या आजींसमोर उभं करायचंय. तालमीतला पट काढायला जाशील आणि मग बघू कोण कुणाचा पाय काढतंय ते. काकूंना नमस्कार सांग, त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरलं ते पण कळव.

तुझाच,
पिंट्या