25 ऑक्टोबरची केरळ सहल रद्द: 24,460 रुपये परत करण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा, सहल कंपनीचे मुख्य कार्यालय, मुंबई
(कॉलेज रोड, नाशिक शाखेमार्फत)
26 सप्टेंबर 2025

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी चौथ्यांदा बोलणं झालं. पाचवा फोन करणार नाही.

चार सीट, मुन्नार-थेक्कडी-अलेप्पी, सहलखर्च 1,48,000 अधिक जीएसटी. अ‍ॅडव्हान्स 40,000, क्रेडिट कार्डाने. सहल रद्द करण्याची माझी मेल 4 सप्टेंबरची, म्हणजे निघण्याच्या 51 दिवस आधीची. कारण लिहीत नाही. तुमच्या रद्द-शुल्काच्या तक्त्यात कारणाचा रकाना नाही, दिवसांचा आहे, आणि 45 दिवसांहून आधी रद्द केल्यास सहलखर्चाच्या 10 टक्के कपात असं तिथे छापलंय. म्हणजे 14,800. ते मान्य.

11 सप्टेंबरच्या उत्तरात तुम्ही त्यावर 18 टक्के जीएसटी लावलात (2,664), माणशी 500 प्रमाणे 2,000 प्रोसेसिंग फी लावलीत आणि उरलेल्या 20,536 ची ‘क्रेडिट नोट’ देऊ केलीत. मुदत एक वर्ष, दुसऱ्याच्या नावे होणार नाही, दिवाळीत आणि मे महिन्यात चालणार नाही. मग शाळा असलेल्या घराने ती वापरायची कधी?

केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं 3 ऑगस्ट 2022 चं परिपत्रक क्र. 178 तुमच्या अकाउंट्स विभागाकडे असणारच. रद्द करण्याच्या शुल्कावर मूळ सेवेचाच दर लागतो. सहलीवर तुम्ही 5 टक्के लावता, तेव्हा कपातीवरही 5 टक्के, म्हणजे 740. प्रोसेसिंग फी तक्त्यात नाही, ती शून्य. 40,000 वजा 15,540, बाकी 24,460. आणि ती क्रेडिट नोट म्हणजे काय? जीएसटीत क्रेडिट नोट निघते ती दिलेल्या टॅक्स इन्व्हॉइसवर, म्हणजे कराच्या बिलावर. इथे इन्व्हॉइस निघालेलंच नाही. सेवा न देता अ‍ॅडव्हान्स परत करताना रिफंड व्हाउचर, म्हणजे परताव्याची पावती, काढायचं असतं. तुम्ही देताय ते कूपन आहे.

हेच सगळं मी काल फोनवर सांगत होते. अकरा मिनिटं होल्डवर ठेवल्यावर तुमचे प्रतिनिधी आले. त्यांनी बुकिंग क्रमांक दोनदा विचारला. मी 18 आणि 5 टक्क्यांचा हिशेब सांगितला. ते म्हणाले, “मॅडम, ते सिस्टिम काढते.” मी परिपत्रकाची तारीख सांगितली. पलीकडे थोडा वेळ शांतता, मागे कोणीतरी चहाचं विचारत होतं. मग अगदी समजुतीच्या सुरात, “मॅडम, घरी कोणी जेन्ट्स असतील तर फोन द्या ना, मी त्यांना नीट समजावतो.” मी विचारलं, काय समजावणार? तर “अ‍ॅडव्हान्स परत मागायचा नसतो, हे.” संभाषण रेकॉर्ड होत असल्याचं तुम्हीच सुरुवातीला ऐकवता. ऐका. 18 मधून 5 वजा केले तर जेन्ट्स नसलेल्या घरातही 13 च उरतात.

“अ‍ॅडव्हान्स परत मागायचा नसतो” याचा आधार म्हणजे पावतीमागचा मुद्दा 14: बुकिंगची रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही. मग दिवसांचा तक्ता शोभेला छापलाय का? करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करार मोडल्याबद्दल मिळते ती वाजवी भरपाई. कागदावर लिहिलेला आकडा ही फार तर तिची कमाल मर्यादा. तुमचं नुकसान किती? तुमच्या वेबसाइटवर हीच तारीख 20 सप्टेंबरपासून ‘हाऊसफुल्ल’ आहे. आमच्या चार सीट, हाऊसबोटीच्या दोन खोल्यांसकट, विकल्या गेल्या.

तिसऱ्या फोनवर “विमानाची तिकिटं निघाली आहेत” असंही सांगण्यात आलं. पीएनआर पाठवा. तुम्ही आमची ओळखपत्रं अजून मागितलेली नाहीत. ग्रुपसाठी एकत्र राखून ठेवलेल्या तिकिटांच्या ब्लॉकमध्ये प्रवाशांची नावं नंतर भरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिकिटं खरंच निघाली असतील तर नॉन-रिफंडेबल तिकिटावरचेही विमानतळ शुल्क आणि कर परत द्यावे लागतात, असा डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) नियम आहे. तेही कूपनमध्येच देणार होतात का?

क्रेडिट नोट नको, हे पुन्हा लिहिते, कारण चारही फोनवर तीच पुढे केली गेली. 24,460 रुपये ज्या कार्डावरून आले त्याच कार्डावर 15 दिवसांत जमा करा, रिफंड व्हाउचरची प्रत मेल करा. तोवर बँकेकडे चार्जबॅकचा (कार्डाचे पैसे बँकेमार्फत परत मागण्याचा) अर्ज आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार जाईलच.

पैसे आले नाहीत तर ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून नाशिक जिल्हा ग्राहक आयोगात. पावतीवर ‘सर्व वाद मुंबईच्या अधीन’ असा शिक्का आहे, पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 34 तक्रारदार राहतो तिथे दाद मागू देतं. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. ‘अन्याय्य करार’ ठरवण्याचं काम राज्य आयोगाचं, हे तुमचे वकील पहिल्याच तारखेला सांगतील. म्हणून जिल्ह्यात मी सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा मांडेन. मुद्दा 14 पुढे राज्य आयोगासाठी ठेवेन. मागणी मग 24,460 वर थांबणार नाही, व्याज आणि खर्चही येईल.

जाहिरातीत तुमचा टूर मॅनेजर आजीबाईंचा हात धरून चढ चढवताना दिसतो. त्याला एकदा ग्राहक सेवेत बसवा.

उत्तर लेखी हवं, आणि बुकिंग ज्या बाईच्या नावावर आहे तिच्याच नावाने.

बुकिंगधारक, नाशिक
सोबत: पावतीच्या दोन्ही बाजू, 4 व 11 सप्टेंबरच्या मेल, ‘हाऊसफुल्ल’चा स्क्रीनशॉट