मोटार बंद करणाऱ्या नानांना

नाना, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. चांगदेवकडे, हतनूर धरणाच्या फुगवट्याला लागून तुमचा गव्हाचा तुकडा अन् बांधापलीकडे भावाचा हरभरा, एवढीच खूण माझ्याकडे आहे. गावातलं कोणी वाचून दाखवेल, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

क्रौंच पक्षी दिसावा म्हणून माझे तीन रविवार वाया गेले होते. एका जाणकारांनी "शंभर टक्के आहे" म्हणून धाडलं, तिथे निघाला राखी बगळा. उडाला तोही मान दुमडून! क्रौंच मान ताणून उडतो, एवढं तरी बघायचं होतं. दुसऱ्यांनी जागाच सांगितली नाही. पक्षी जणू त्यांच्या सातबाऱ्यावर चढलाय.

तुम्ही मात्र काही न विचारता "या मागं" म्हणालात. हरभऱ्यात कांड्या करकोच्यांचा, म्हणजे क्रौंचाच्याच लहान भाऊबंदांचा थवा टिपत होता आणि त्यात एक बाकीच्यांहून वीतभर उंच. तोच क्रौंच! मान काळी, पण करकोच्यासारखा तो काळा रंग छातीवर उतरलेला नाही. डोळ्यामागून पांढरा पट्टा. त्याने डोकं खाली घातलं तेव्हा टाळूवरचा लाल डाग दिसला. दुर्बिणीत तो हलतोय की माझे हात, कळेना.

नेमकी तेव्हाच लाइट आली. पाइपातून पाणी भसकन दंडात पडलं आणि सगळ्या थव्याने माना वर केल्या. तुम्ही चपला काढून हातात घेतल्या, वाजू नयेत म्हणून. बांधाच्या आडोशाने वाकत पेटीपर्यंत गेलात, मोटार बंद केली आणि तसेच अनवाणी परत येऊन बसलात. गहू ओंबीवर, लाइट मोजून आठ तास, त्यातला अर्धा तास तुम्ही मला दिलात. मी काही बोलायच्या आत म्हणालात, "पानी उद्या बी देता यीन भाऊ, पाखरू थांबीन का?"

भावाचा हरभरा ती पाखरं खात होती, तरी तुम्ही एक ढेकूळ उचललं नाही. आम्ही स्वतःला पक्षीमित्र म्हणवतो. आमच्यातल्या कितींना चपला काढायचं सुचलं असतं, शंकाच आहे. मला तरी नसतं सुचलं.

फोटो जरा हललाय. कोपऱ्यात तुमच्या चपलाही आल्यात. प्रिंट काढून ठेवलीय, पुढच्या रविवारी घेऊन येतो. तेव्हा नाव सांगा.