100 दाणे मोजायला बसवणाऱ्या मावशींचे आभार

नोकरी सोडल्यापासून गुरुजी दिवसभर ओसरीत बसून असायचे. हजेरी नाही, फळा नाही. मे महिन्यात बचत गटाच्या दोन मावशी ओलं गोणपाट घेऊन आल्या. "गुरुजी, पेरणीआधी सोयाबीनचं बियाणं किती उगवतं ते तपासायचंय, दाणे मोजून देता का जी?" आता मावशींना स्वतःला मोजता येत नव्हतं का?

पद्धत त्यांनीच दाखवली. पोत्याच्या वरून, मधून, खालून मूठमूठ सोयाबीन काढायचं. न निवडता 100 दाणे मोजायचे, दहा-दहाच्या ओळीत मांडून गोणपाट गुंडाळायचं, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचं. पाणी साचलं की दाणे कुजतात. सहा-सात दिवसांनी धड कोंब मोजायचे. 70 किंवा जास्त आले तर एकरी 30 किलो पुरतं. कमी आले तर बियाणं त्या मानाने वाढवायचं. सोयाबीनचं साल पातळ, पोतं आपटलं की आतला कोंब दुखावतो, हेही गुरुजींना त्यांच्याकडूनच कळलं.

जाताना एक वही ठेवून गेल्या. रकाने आखलेले, सगळे कोरे. गुरुजींनी पहिल्या शेतकऱ्याचं नाव लिहिलं ते हजेरीपटासारखंच, अनुक्रमांक टाकून. आता मोजायला पोरंही येऊन बसतात.

मावशी, नाव लिहू नका म्हणालात, नाही लिहिलं. गोणपाट न्यायला या, चहा मांडतो.