हर-टू चाचणीच्या अहवालात प्रतिपिंडाचे नावही छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णाला पॅथॉलॉजीचा जो अहवाल मिळतो, त्यात ‘हर-टू’ या प्रथिनापुढे ०, १+, २+ किंवा ३+ एवढेच लिहिलेले असते. हर-टूला लक्ष्य करणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाची वर्षभराची इंजेक्शने द्यायची की नाही, हे मुख्यतः त्या एका आकड्यावर ठरते. म्हणून तो आकडा कसा आला, हेही कागदावर दिसले पाहिजे.

हर-टू हे पेशीच्या आवरणात आरपार बसलेले प्रथिन असून, त्याचा आतला भाग टायरोसिन कायनेज या विकराचे काम करतो आणि पेशीला वाढण्याचा इशारा देतो. दर १०० स्तनकर्करोगांपैकी साधारण १५ ते २० मध्ये ते प्रमाणाबाहेर असते. ते शोधण्यासाठी काचपट्टीवरील पेशींवर प्रतिपिंड, म्हणजे नेमक्या त्याच प्रथिनाला चिकटणारा पदार्थ, सोडतात. दहा टक्क्यांहून अधिक कर्कपेशींभोवती गडद, अखंड तपकिरी कडे उमटले की ३+ म्हणतात. मात्र बाजारातली सर्व प्रतिपिंडे सारखी नाहीत. ‘४बी५’ आणि ‘सीबी११’ प्रथिनाच्या आतल्या भागाला चिकटतात, तर ‘एसपी३’ बाहेरच्या. त्यामुळे क्लोनचे, म्हणजे ‘४बी५’सारख्या प्रतिपिंडाच्या वाणाचे नाव आणि सोबतच्या कंट्रोल स्लाइडचा (निकाल आधीच माहीत असलेल्या काचपट्टीचा) निकाल नसेल, तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला त्या आकड्याची पारख करणे अवघड जाते. शिवाय २०२२ पासून पसरलेल्या रोगात १+ असलेल्या, म्हणजे एरवी ‘निगेटिव्ह’ गणल्या जाणाऱ्या रुग्णांसाठीही ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकान हे औषध उपलब्ध झाल्याने नुसते ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळे होणे आता चालणार नाही.

खरी हेळसांड मात्र त्याआधीच होते. काढलेली गाठ तासाभरात दहा टक्के बफर्ड फॉर्मॅलिन या पेशी टिकवणाऱ्या द्रावणात जावी आणि त्यात ६ ते ७२ तास राहावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. प्रत्यक्षात तालुक्याच्या गावाहून शनिवारी निघालेली बरणी एसटीच्या पार्सलने सोमवारी नाशिकला पोहोचते. आत गाठ न कापता तशीच कोंबलेली, फॉर्मॅलिन जेमतेम बुडण्यापुरते, आणि कधी कधी तर चक्क सलाइन, म्हणजे नुसते मिठाचे पाणी! फॉर्मॅलिन गाठीत तासाला जेमतेम मिलिमीटरभर शिरते, म्हणजे मधला भाग तोवर सडू लागलेला असतो. अशा गाठीवर कितीही महागडे प्रतिपिंड वापरले तरी रंग फिका येतो, किंवा २+ असा संदिग्ध निकाल येऊन रुग्णाला फिश या जनुकचाचणीचा खर्च पडतो.

गाठ केव्हा काढली आणि फॉर्मॅलिनमध्ये केव्हा टाकली, या दोन वेळा शस्त्रक्रियागृहातच बरणीवर लिहाव्यात, आणि प्रयोगशाळांनी त्या क्लोनच्या नावासह अहवालात छापाव्यात. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. शस्त्रक्रियागृहातील परिचारिका व तंत्रज्ञांसाठी त्याने या विषयाचे अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण ठेवले, तर सुरगाणा, पेठसारख्या भागांतील रुग्णांना फेरतपासणीसाठी मुंबई गाठण्याची वेळ कमी येईल.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, इंदिरानगर, नाशिक