मायग्रेनची गोळी मेडिकलवाला ठरवणार का?

संपादक साहेब नमस्कार, उन्हाळ्यात आपल्या मराठवाड्यात अर्धशिशीवाल्यांचे काय हाल होतात ते ज्याचं डोकं ठणकतं त्यालाच माहीत. आमच्या वहिनी परभणीत असतात, अटॅक आला की खिडकीला चादर लावून अंधारात पडून राहतात, उलट्या वेगळ्याच, मग घरचे मेडिकलवरनं गोळ्या आणतात, स्ट्रिप अशी कापलेली की नावबी अर्धंच दिसतं. सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान ह्या खास मायग्रेनच्याच गोळ्या, दुखणं सुरू होताच घेतल्या तर बऱ्याच जणांना चांगल्या लागू पडतात, पण त्यांनी रक्तवाहिन्या आकुंचन पावतात म्हणून हार्टचा त्रास असलेल्याला, पॅरालिसिस होऊन गेलेल्याला, बीपी कंट्रोलमध्ये नसलेल्याला त्या चालत नाहीत, हे काउंटरवरचा पोरगा विचारतो का हो? वर महिन्यात 10 किंवा जास्त दिवस ह्या घेत राहिलं तर गोळीनंच डोकं दुखायला लागतं, साध्या पॅरासिटामॉलचं तेच 15 दिवसांवर. उलटीनं गोळी टिकत नसेल तर नाकातला स्प्रेबी असतो, पण सांगतंय कोण. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बीपी बघून ही औषधं मिळावीत एवढीच मागणी, आणि मेडिकलवाल्यांनी बिनचिठ्ठीचं देणं बंद करावं, राग आला तरी चालेल.

– एक वाचक, जिंतूर