दार उघडतं तेव्हा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील लेखात जॉन फोर्डच्या ‘द सर्चर्स’ (१९५६) या वेस्टर्न चित्रपटाचं सुरुवातीचं दृश्य ‘नेत्रसुखद निसर्ग’ एवढ्या दोन शब्दांत निकालात काढलंय. आयुष्यभर कॅमेरा हाताळलेल्या माझ्यासारख्याला हे खटकलं.

पडदा काळाकुट्ट. दार उघडतं. चौकटीत घरच्या बाईची, मार्थाची नुसती आकृती, पलीकडे अमेरिकेतल्या मॉन्युमेंट व्हॅली या वाळवंटी खोऱ्याचं तांबूस ऊन. एक्स्पोजर (फिल्मवर किती उजेड घ्यायचा ते) त्या उन्हाला लावून आतलं घर अंधारात सोडलंय. (माझ्याकडून असं झालं असतं तर उस्तादांनी कान उपटला असता!) मग कॅमेरा तिच्या पाठोपाठ सरकतो. ती ओसरीवर येते, तशी दाराची काळी चौकट कडांनी गळून पडते आणि व्हिस्टाव्हिजन या रुंद पडद्याच्या चित्रणपद्धतीची फ्रेम एकदम मोकळी होते. दूरवरून घराकडे येणारा घोडेस्वार अजून ठिपक्याएवढाच. क्लोजअपची घाई नाही. छायालेखक विन्टन होक यांचं तर लेखात नावसुद्धा नाही.

चित्रपटाच्या शेवटी बंद होणाऱ्या दारावर मात्र लेखकाने परिच्छेद खर्ची घातलाय. पहिलं दार नीट न पाहता ते शेवटचं त्यांना कसं काय दिसलं, हे तेवढं विचारून सांगा.

आपला,
एक निवृत्त छायाचित्रकार