मंत्रिमहोदय, माझ्या पोरीची वही एकदा बघाच

मा. मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीचं पाणी आमच्या शाळेत शिरलं. पुस्तकांची पानं भाकरीसारखी फुगली, आम्ही ती देवळाच्या सभामंडपात वाळत घातली. तेव्हा पाहणीला आलेले एक साहेब हात जोडून म्हणाले, "दिवाळीनंतर आठ दिवसांत दुसरे गुरुजी देतो." कुठली दिवाळी, तेवढं विचारायचं राहिलं.

पट 43, वर्ग चार, गुरुजी एक. कालपासून तेही मतदार यादीच्या कामाला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये तशी सोय आहे म्हणे. असेल. पण त्याच कायद्यात 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिलेत, ते पान पुरात वाहून गेलं का?

माझी पोरगी चौथीत. परवा तिची वही उघडली. वर तारीख, खाली 'आजचा सुविचार', पुढे कोरं. पान उलटलं, पुन्हा तारीख, पुन्हा सुविचार. सलग अकरा पानं! भागाकार विचारला तर म्हणते, "सरांचा फोन वाजला, नंतर शिकवतो म्हणाले." सरांना बोल लावत नाही. खिचडीचा तांदूळ मोजायचा, फोटो टाकायचे, ऑनलाइन माहिती भरायची. माणूस एकच.

थोरल्याला शहरात इंग्रजी शाळेत घातलं, फीसाठी दुभती म्हैस विकली. यंदा कांदा पाण्यात गेला. धाकटीसाठी विकायला उरलीय ती जमीन, तिच्यावर गुडघाभर गाळ. घेता का? बायको म्हणते, पत्रं लिहून काय होतंय. तिचंही बरोबर आहे.

ज्याला झेपतं तो पोरगं काढून नेतो, पट घटतो. पट घटला की तुम्ही शिक्षक काढता. मग म्हणता, शाळा परवडत नाही. याच जिल्ह्यात परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या डिसले गुरुजींना 2020 साली जागतिक पुरस्कार मिळाला, सात कोटींचा. तेव्हा झेडपीची शाळा सगळ्यांचीच होती. आता शक्तिपीठ महामार्गाला 86 हजार कोटी लागणार असं पेपरात वाचतो. त्यात किती मास्तरांचे पगार निघतील, हा भागाकार मला येतो. पोरीला येणार नाही.

सोमवारी तिला दप्तरासकट घेऊन तालुक्याच्या कार्यालयात येतोय. तिथं खुर्च्या भरपूर आहेत. एखादे साहेब मोकळे असले तर भागाकारापासून सुरुवात करावी, ही विनंती.

आपला,
एक पालक
सीनाकाठ, जि. सोलापूर